शोधाआधी दोष : मुलांच्या लठ्ठपणाच्या संशोधनाची पार्श्वभूमी

१९०१ साली व्हिएन्नातल्या आल्फ्रेड फ्रोलिख या डॉक्टरांनी १४ वर्षांच्या एका मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. मुलाच्या मेंदूच्या तळाशी, पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीजवळ गाठ होती. तो लठ्ठ होता आणि वयात येण्याच्या खुणा शरीरावर दिसत नव्हत्या. आजार अगदी दुर्मीळ, पण त्याला फ्रोलिख यांचं नाव मिळालं आणि पुढची काही दशकं ते नाव दिसेल त्या लठ्ठ मुलाला चिकटत गेलं. मूल जाड आहे, म्हणजे ग्रंथीत बिघाड असणारच, असा सरळ हिशेब होता. त्यानुसार मुलांना ग्रंथींचे अर्कही दिले जात.

या समजाला पहिला मोठा धक्का दिला हिल्डे ब्रुख यांनी. या जर्मन ज्यू डॉक्टर नाझी राजवट आल्यावर देश सोडून निघाल्या आणि न्यूयॉर्कमध्ये बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करू लागल्या. १९३०च्या दशकात त्यांनी लठ्ठ मुलांची रीतसर मोजमापं घेतली. ग्रंथी खरोखर मंद असत्या तर ही मुलं बुटकी राहिली असती, उशिरा वयात आली असती. ब्रुख यांना दिसलं ते याच्या उलट. बहुतेक मुलं वयाच्या मानाने उंच होती, त्यांच्या हाडांची वाढ पुढे गेलेली होती आणि ती वेळेवर, किंबहुना थोडी लवकरच वयात येत होती. ग्रंथींचा सिद्धांत बहुतेक मुलांना लागूच पडत नव्हता.

मग लागू काय पडतं? १९४० मध्ये ब्रुख यांनी या मुलांच्या घरांचा अभ्यास मांडला आणि बोट आईकडे वळलं. प्रेमाची जागा अन्नाने भरून काढणारी, मुलाला पंखाखालून बाहेर न सोडणारी आई. ब्रुख यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे, कारण त्यांनी मुलांना निरर्थक औषधांतून सोडवलं. तरी इथे एक गोष्ट नोंदवायलाच हवी : एका आरोपीची सुटका होताच दुसरा पिंजऱ्यात उभा राहिला. या विषयाच्या इतिहासात हे पुन्हापुन्हा घडलं आहे. शरीरात नेमकं काय चाललंय हे कळायच्या आत दोष कोणाचा हे ठरलेलं असतं.

१९६०च्या दशकात पाळी आली खुद्द मुलाची. हार्वर्डमधले आहारशास्त्रज्ञ जाँ मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उन्हाळी शिबिरातल्या किशोरवयीन मुलींचं खेळताना चित्रीकरण केलं. पोहणं, टेनिस, व्हॉलीबॉल असे खेळ चालू असताना लठ्ठ मुली इतर मुलींपेक्षा बराच जास्त वेळ स्थिर असत. त्याआधी, १९५६ मध्ये, याच गटाला असंही दिसलं होतं की लठ्ठ शाळकरी मुली इतरांपेक्षा जास्त खात नव्हत्या. निष्कर्ष महत्त्वाचा होता, कारण ‘खादाड’ हा शिक्का त्याने पुसला. पण समाजाने त्यातून उचलला तो ‘आळशी’ हा दुसरा शिक्का. हालचाल कमी म्हणून वजन वाढलं, की वाढलेल्या वजनामुळे हालचाल कमी झाली, हा प्रश्न मागेच राहिला.

त्याच सुमारास, १९६१ मध्ये, समाजशास्त्रज्ञ स्टीफन रिचर्डसन आणि सहकाऱ्यांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलांपुढे सहा चित्रं ठेवली. एक धडधाकट मूल, एक कुबड्या घेतलेलं, एक चाकाच्या खुर्चीत बसलेलं, एकाला हात नाही, एकाचा चेहरा विद्रूप आणि एक लठ्ठ. कोणतं मूल सर्वांत जास्त आवडतं तिथपासून सर्वांत कमी आवडतं तिथपर्यंत क्रम लावायचा होता. लठ्ठ मूल शेवटच्या क्रमांकावर गेलं.

मोजमापाचा प्रश्नही तोवर सुटलेला नव्हता. उंचीच्या वर्गाने वजनाला भागायचं, हे सूत्र बेल्जियमच्या अडॉल्फ केटले यांनी १८३०च्या दशकातच मांडलं होतं. त्याला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव १९७२ मध्ये अँसेल कीज यांनी दिलं. मोठ्यांसाठी २५ (जास्त वजन) आणि ३० (लठ्ठपणा) या रेषा पुरतात. वाढत्या वयात एक ठरावीक रेषा चालत नाही, कारण पहिल्या वर्षानंतर हा आकडा खाली येतो आणि साधारण सहाव्या वर्षी पुन्हा चढू लागतो. ही चढण जितकी लवकर सुरू होते तितका पुढे लठ्ठपणाचा धोका जास्त, हे फ्रान्सच्या मारी-फ्रान्स्वाझ रोलाँ-काशेरा यांनी १९८४ मध्ये दाखवलं. वयानुसार आणि लिंगानुसार बदलणाऱ्या आंतरराष्ट्रीय मर्यादा टिम कोल आणि सहकाऱ्यांनी २००० साली सहा देशांच्या आकडेवारीवरून काढल्या. जागतिक आरोग्य संघटनेचे तक्ते २००६ आणि २००७ मध्ये आले. म्हणजे जगभरची मुलं एका पट्टीने मोजता येऊ लागली त्याला अजून पुरती तीन दशकंही झालेली नाहीत.

पण विषयाला खरी कलाटणी मिळाली ती शवविच्छेदनाच्या टेबलावर. १९५३ मध्ये कोरियन युद्धात मेलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांच्या हृदयांची तपासणी प्रसिद्ध झाली. सरासरी वय २२, आणि ७७ टक्के हृदयांच्या धमन्यांत आजाराच्या उघड खुणा. हृदयविकार हा उतारवयाचा आजार मानला जाई, आणि इथे विशीतली पोरं. मग सुरुवात कधी होते? हा प्रश्न जेराल्ड बेरेन्सन यांनी थेट मुलांपर्यंत नेला. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातल्या बोगालुसा या लहानशा गावात १९७३ पासून त्यांच्या पथकाने मुलांची वजनं, रक्तदाब, कोलेस्टेरॉल वर्षानुवर्षं नोंदवायला सुरुवात केली. कृष्णवर्णीय आणि श्वेतवर्णीय, दोन्ही मुलं त्यात होती. त्यांतली काही पुढे अपघातांत किंवा इतर कारणांनी दगावली. १९९८ मध्ये २ ते ३९ वर्षं वयाच्या अशा २०४ जणांच्या शवविच्छेदनाचे निष्कर्ष आले आणि त्यांतल्या ९३ जणांची जिवंतपणीची मोजमापं हाताशी होती. महाधमनीत चरबीचे पिवळसर पट्टे बालपणीच उमटू लागलेले होते. वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांपैकी जितके धोके एकत्र, तितके हे पट्टे जास्त पसरलेले.

या अभ्यासाचं मोल आकड्यांपलीकडचं आहे. मूल गेल्याच्या दुःखात असलेल्या कुटुंबांच्या सहकार्यामुळेच पुढच्या पिढीतल्या मुलांबद्दलचं हे ज्ञान हाती आलं.

पुढे बोगालुसा, अमेरिकेच्याच आयोवा राज्यातलं मस्कटीन, फिनलंड आणि ऑस्ट्रेलिया इथल्या दीर्घ अभ्यासांची सांगड घालून २०११ मध्ये ६,३२८ जणांचा हिशेब मांडला गेला. लहानपणी वजन जास्त असलेली पण मोठेपणी लठ्ठ न राहिलेली माणसं मधुमेह, रक्तदाब आणि धमन्यांच्या आजाराच्या बाबतीत जवळपास अशा माणसांइतकीच सुरक्षित निघाली, ज्यांचं वजन कधीच जास्त नव्हतं. बालपणीच्या लठ्ठपणाची चर्चा बहुतेक वेळा भीती घालणारी असते, म्हणून हा निष्कर्ष अधिक लोकांपर्यंत पोहोचायला हवा असं मला वाटतं.

मधुमेहाची गोष्ट मात्र इतकी दिलासा देणारी नाही. टाइप २ मधुमेहाला पूर्वी ‘प्रौढपणी होणारा मधुमेह’ म्हणत. या नावामुळेच मुलांत तो शोधण्याचा विचार मनात येत नसे. १९७९ मध्ये ॲरिझोनातल्या पिमा आदिवासी मुलांत तो आढळल्याची नोंद झाली, पण ती एका समाजापुरती गोष्ट समजली गेली. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरातल्या डॉक्टरांनी दाखवलं की तिथल्या किशोरवयीनांत १९८२ ते १९९४ या काळात त्याचं प्रमाण दसपट झालं होतं. पुढच्याच वर्षी अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने इन्सुलिन लागतं की नाही यावरून दिलेली जुनी नावं मोडीत काढली.

मुलांतला हा आजार मोठ्यांच्या आजाराची छोटी आवृत्ती नाही, हे नंतर उमगलं. पौगंडावस्थेत संप्रेरकांमुळे शरीर तसंही इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाही. त्यात चरबीची भर पडली की इन्सुलिन बनवणारं स्वादुपिंड लवकर थकतं. ‘टुडे’ या अमेरिकी चाचणीत १० ते १७ वर्षांची ६९९ मुलं होती. २०१२ मध्ये निकाल आला तेव्हा नुसत्या मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधावर ठेवलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांची साखर ताब्यात राहिलेली नव्हती. याच मुलांचा पाठपुरावा पुढे चालू राहिला. २०२१ मध्ये त्यांचं सरासरी वय होतं २६, आणि तोवर ६० टक्क्यांना मूत्रपिंड, डोळे किंवा नसा यांपैकी किमान एक त्रास सुरू झाला होता. यकृताचंही असंच झालं : मद्याचा संबंध नसताना यकृतात चरबी साठून सूज आलेली लठ्ठ मुलं १९८३ मध्येच वैद्यकीय नियतकालिकात नोंदवली गेली होती, पण त्यांची दखल घ्यायला बराच काळ गेला.

दोषाच्या प्रश्नाला सर्वांत ठोस उत्तर दिलं ते जनुकांनी. १९८६ मध्ये आल्बर्ट स्टंकार्ड यांनी डेन्मार्कमधल्या ५४० दत्तक व्यक्तींचा अभ्यास मांडला. त्यांची शरीरयष्टी जन्मदात्यांशी जुळत होती, वाढवणाऱ्यांशी नाही. १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने लेप्टिन शोधलं : चरबीच्या पेशी ‘साठा पुरेसा आहे’ असा निरोप मेंदूला धाडतात तो याच संप्रेरकामार्फत. तीन वर्षांनी केंब्रिजमधल्या स्टीफन ओराहिली, सदफ फारुकी आणि सहकाऱ्यांना दोन चुलत भावंडं सापडली, ज्यांच्या शरीरात लेप्टिन जवळजवळ नव्हतंच. आठ वर्षांच्या मुलीचं वजन ८६ किलो, दोन वर्षांच्या मुलाचं २९. भूक शमतच नसे. नवव्या वर्षी, ९४ किलो वजन असताना, मुलीला लेप्टिनची इंजेक्शनं सुरू झाली. वर्षभरात वजन १६ किलोंनी उतरलं आणि तिचं खाणं आपोआप आवरलं. तिची इच्छाशक्ती कालही तीच होती आणि आजही तीच. बदललं होतं एक संप्रेरक.

याच पथकाने २०१० मध्ये गुणसूत्राचा एक तुकडा गळाल्यामुळे लहानपणीच तीव्र लठ्ठपणा आलेली मुलं नोंदवली. त्यांतल्या काही मुलांचं नाव ब्रिटनच्या समाजसेवा विभागाने ‘धोक्यातली मुलं’ म्हणून यादीत घातलं होतं, कारण आईबाप मुद्दाम जास्त खाऊ घालतात असा संशय होता. निदान झाल्यावर ती नावं काढली गेली. ब्रुख यांच्या काळातला पिंजरा सत्तर वर्षांनंतरही जागेवरच होता.

एका जनुकाने होणारा लठ्ठपणा अर्थातच विरळा. बहुतेक मुलांत शेकडो जनुकांचे लहान लहान प्रभाव असतात, आणि त्यांच्यावर गर्भातल्या दिवसांचाही ठसा पडतो. दुसऱ्या महायुद्धातल्या डच दुष्काळात गर्भात असलेल्या मुलांवरचा १९७६चा अभ्यास यात पायाभूत ठरला : गर्भारपणाच्या पूर्वार्धात उपासमार झाली असेल तर १९व्या वर्षी लठ्ठपणा जास्त, अखेरच्या महिन्यांत झाली असेल तर कमी. ब्रिटिश संशोधक डेव्हिड बार्कर यांनी गर्भातल्या पोषणाचा हाच धागा मोठेपणीच्या हृदयविकारापर्यंत नेला. पुण्यातल्या केईएम रुग्णालयाच्या चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवलं की वजनाने हलक्या नवजात बाळांतही चरबीचं प्रमाण तुलनेने जास्त असू शकतं. त्यामुळे नुसतं वजन पाहून धोका ओळखता येतो, या कल्पनेलाच तडा गेला.

आणि तरीही जनुकं काही दशकांत बदलत नाहीत. जगात ५ ते १९ वयोगटातली लठ्ठ मुलं १९७५ मध्ये सुमारे १ कोटी १० लाख होती, २०२२ मध्ये सुमारे १५ कोटी ९० लाख. बदललं आहे ते मुलांभोवतीचं जग : काय विकलं जातं, कशाची जाहिरात होते, खेळायला जागा किती उरते. या बदललेल्या जगात कोणतं मूल वजन धरेल, हे ठरण्यात जनुकांचा मोठा वाटा असतो.

उपचारांचा इतिहास त्या मानाने तोकडा आहे. लेनर्ड एपस्टाइन यांनी मुलासोबत पालकांनाही उपचारात घेतलं आणि १९९० मध्ये दहा वर्षांनंतरचेही चांगले परिणाम दाखवले. इथे आईबाप आरोपी नव्हते, सोबती होते. २०२२ मध्ये १२ ते १७ वयाच्या २०१ जणांवर सेमाग्लुटाइड या औषधाच्या साप्ताहिक इंजेक्शनची चाचणी प्रसिद्ध झाली. ६८ आठवड्यांत बॉडी मास इंडेक्स सरासरी १६ टक्क्यांनी उतरला, तर औषध न मिळालेल्यांचा किंचित वाढला. हे औषध मेंदूतल्या भूक आवरणाऱ्या केंद्रांवर काम करतं.

रिचर्डसन यांचा चित्रांचा प्रयोग स्टंकार्ड आणि जॅनेट लॅटनर यांनी पुन्हा केला. निष्कर्ष २००३ मध्ये आले, म्हणजे लेप्टिनचा शोध लागून नऊ वर्षं झाल्यावर. पाचवी-सहावीतल्या ४५८ मुलांपुढे तीच सहा चित्रं होती. लठ्ठ मूल पुन्हा शेवटी आलं, आणि धडधाकट मुलापासून त्याचं अंतर १९६१ पेक्षा सुमारे ४१ टक्क्यांनी वाढलेलं होतं.