बिनफेसाची वाट

"इथे उतरव रे त्याला. इथे लाटाच नाहीत."

कड्यावर उभं राहून आईने बोट दाखवलं ते पाण्याच्या एका गडद पट्ट्याकडे. दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या, पांढरा फेस पसरत होता. मधला वीसेक मीटरचा पट्टा मात्र गुळगुळीत, थोडा हिरवट. आई हर्णैची. भरती-ओहोटी तिला तिथीवरून सांगता येते. तिची नजरही इथे फसली, म्हणून हे लिहायला बसलो.

आम्ही होतो पोर्तुगालच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, कारापातेइरा गावाजवळच्या आमादू किनाऱ्यावर. लिस्बनहून गाडीने तीनेक तास. काळ्या-तपकिरी खडकांचे कडे, मधे वाळू, समोर थेट अमेरिकेपर्यंत मोकळा अटलांटिक. हा सगळा पट्टा संरक्षित निसर्ग उद्यानात येतो, त्यामुळे किनाऱ्यालगत हॉटेलांची रांग नाही. ऑक्टोबर होता. इथले जीवरक्षक साधारण जून ते सप्टेंबर असतात. आता ना झेंडा, ना शिट्टी. पाण्यात सात-आठ सर्फर आणि वाळूवर आम्ही चौघं.

वारा जवळजवळ पडलेला, तरी लाटा पुरुषभर उंच. मुलाचा पहिला प्रश्न तोच होता: वारा नाही, मग लाटा कुठून? तीन-चार दिवसांपूर्वी दूर उत्तर अटलांटिकात वादळ झालेलं असतं, तिथून. वादळाखाली समुद्र नुसता खवळलेला असतो, लहानमोठ्या लाटांची खिचडी. त्या वादळाबाहेर पडल्या की आपोआप निवडल्या जातात, कारण खोल पाण्यात लांब लाट आखूड लाटेपेक्षा वेगाने जाते. दोन माथ्यांमध्ये १६ सेकंदांचं अंतर असलेल्या लाटेची लांबी सुमारे ४०० मीटर असते आणि अशा लाटांचा ताफा ताशी ४५ किलोमीटरने पुढे सरकतो. १० सेकंदवाल्यांचा ताफा ताशी २८ किलोमीटरने. वादळ ३००० किलोमीटरवर असेल, तर पहिला ताफा तीन दिवसांच्या आत पोहोचतो, दुसरा त्यानंतर दीडेक दिवसाने. अशा दूरवरून आलेल्या, नीट विंचरलेल्या लाटांना स्वेल म्हणतात. पाणी मात्र तिकडून येत नाही. ज्वारीच्या शेतावरून वाऱ्याची लाट जाते तेव्हा कणसं डोलतात आणि जागीच राहतात, तसं पाणी जवळजवळ जागच्या जागी गोल फिरतं; प्रवास करते ती ऊर्जा.

हे पक्कं कळलं तेही अटलांटिकच्याच काठावर. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या किनाऱ्याजवळ समुद्रतळावर दाब मोजणारी यंत्रं ठेवून नॉर्मन बार्बर आणि फ्रिट्झ उर्सेल यांनी येणाऱ्या लाटांचे कालावधी वेगळे काढले. आधी लांब, मग आखूड, हा क्रम त्यात स्पष्ट उमटला होता. त्यावरून उलटं गणित करून लाट किती दूरच्या वादळातली हे सांगता येतं. १९४८ साली त्यांनी हे काम प्रसिद्ध केलं. त्यात दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नच्या बाजूला झालेल्या वादळांचीही चाहूल होती. आपल्याकडेही हे घडतं. केरळच्या किनाऱ्यावर स्वच्छ आकाशाखाली अचानक समुद्र आत घुसतो, त्याला तिथे 'कळ्ळक्कडल' म्हणजे चोरटा समुद्र म्हणतात. तो येतो हिंदी महासागराच्या पार दक्षिणेकडच्या वादळांतून.

आता तो गडद पट्टा. लाट उथळ पाण्यात आली की तळ तिला अडवतो, ती आखूड आणि उंच होते, आणि खोली तिच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की फुटते. म्हणजे फेस जिथे, तिथे खाली वाळूचा उंचवटा. फेस नाही, तिथे चर. फुटणारी प्रत्येक लाट थोडं पाणी काठाकडे लोटते. उंचवट्यांच्या मागे पाण्याची पातळी किंचित चढते, चरामागे तितकी चढत नाही. मग ते पाणी काठाकाठाने चराकडे धावतं आणि तिथून एकवटून समुद्रात परत जातं. हाच रिप करंट. जो पट्टा आईला निवांत वाटला, तो पाण्याचा परतीचा रस्ता होता. गणपतीपुळ्याला आणि कळंगुटला जाणाऱ्या प्रत्येकाने हे चित्र एकदा डोळ्यांत भरून घ्यावं असं मला फार वाटतं.

एरवी त्याचा वेग सेकंदाला अर्धा मीटर असेल, पण मधेच उसळी येऊन तो २ मीटरवर जाऊ शकतो. १०० मीटर ४७ सेकंदांत पोहणारा ऑलिंपिक जलतरणपटू जेमतेम याच वेगाने जातो. त्यामुळे थेट काठाकडे हातपाय मारणारा दमतो, आणि दमल्यामुळे बुडतो. रिप माणसाला खाली ओढत नाही, बाहेर नेतो. उताणं तरंगत राहावं, हात वर करून मदत मागावी, जमेल तसं काठाला समांतर, फेसाच्या दिशेने सरकावं. जीपीएस लावलेले तरंगक सोडून केलेल्या प्रयोगांत दिसलं की काही किनाऱ्यांवर यातले बहुतेक तरंगक गोल फिरून पुन्हा उथळ पाण्याकडे येतात. प्रत्येक किनारा असा परत आणून सोडेलच असं नाही, पण तरंगत राहणाऱ्याला वेळ मिळतो. सर्फर तर याच वाटेवरून मुद्दाम बाहेर जातात, लाटांशी झुंज टळते म्हणून.

फसवणारी शांतता आणखी एका रूपात येते. दोन थोड्या वेगळ्या कालावधीच्या लाटा एकमेकींत मिसळल्या की कधी त्यांची बेरीज होते, कधी वजाबाकी. म्हणून मोठ्या लाटा चार-सहाच्या टोळीने येतात आणि मधे काही मिनिटं समुद्र निजल्यासारखा वाटतो. नेमक्या त्या मिनिटांत आपण लेकरांना घेऊन पुढे सरकतो. इथल्या कड्यांवर पेर्सेबेश नावाचे, शिंपल्यांसारख्या चवीचे, खडकाला चिकटून राहणारे जीव मिळतात. ते खरवडणारे लोक कंबरेला दोर बांधून याच उसंतीत खाली उतरतात आणि पाठ कधी समुद्राकडे करत नाहीत.

आम्ही गुडघाभर पाण्यात, फेसात खेळलो. पाणी १९ अंशांच्या आसपास, मुलगा ओरडलाच. उन्हाळ्यात तर इथलं पाणी याहूनही गार होऊ शकतं: उत्तरेचा वारा किनाऱ्यालगत वाहतो, पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी उजवीकडे, म्हणजे खोल समुद्राकडे सरकतं, आणि त्याच्या जागी खालचं थंड, पोषक द्रव्यांनी भरलेलं पाणी वर येतं. त्यावरच इथले सार्डिन पोसतात. पावसाळ्यात केरळ-कर्नाटकालगत असंच पाणी वर येतं, त्यावर आपली तारली. रात्री ताटात भाजलेले सार्डिन पाहून आई म्हणाली, "ही तर तारलीचीच बहीण."

त्याआधी, संध्याकाळी ओहोटी पुरती लागली तेव्हा आम्ही पुन्हा खाली गेलो होतो. उधाणाचे दिवस, पाणी तीनेक मीटर उतरलेलं. सकाळच्या त्या गडद पट्ट्याची काठाजवळची बाजू उघडी पडली होती: वाळूत खोदल्यासारखा चर, तळाशी घोटाभर पाणी अजून समुद्राकडे वाहत होतं. मुलगा त्यात उतरला. आई शेजारच्या उंचवट्यावर उभी राहिली. त्याचं डोकं तिच्या गुडघ्याला लागत होतं.