प्रूफ की छपाईतला फरक? बेसबॉल कार्डावर एखादा रंग नसेल तर

बेसबॉल खेळाडूंची चित्रं असलेली कार्डं छापणाऱ्या अमेरिकेतल्या टॉप्स कंपनीच्या १९६९ च्या संचातलं नामवंत खेळाडू मिकी मँटलचं कार्ड, क्रमांक ५००, दोन प्रकारांत मिळतं. एकावर त्याचं आडनाव पिवळ्या अक्षरांत आहे, दुसऱ्यावर पांढऱ्या. त्याच वर्षी १ मार्चला मँटलने निवृत्ती जाहीर केली, त्यामुळे या कार्डाला मागणी आहेच. त्यातही पांढऱ्या अक्षरांचं कार्ड कमी सापडतं आणि कितीतरी महाग जातं. नवीन संग्राहक ते बघतो आणि म्हणतो, हे प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा चाचणीचा कागद असणार, पिवळी शाई चढण्याआधीचा.

ते प्रूफ नाही, आणि हे कार्डच सांगतं. दहापट मोठं दाखवणारं भिंग आडनावावर धरा. अक्षरांत शाईच नाही, नुसता कोरा कागद. आता भिंग चेहऱ्यावर सरकवा. त्वचेचा रंग गुलाबी आणि पिवळ्या ठिपक्यांच्या मिश्रणातून येतो, आणि पिवळे ठिपके तिथे व्यवस्थित आहेत. म्हणजे पिवळी शाई चढलेली आहे. फक्त पिवळा रंग छापणाऱ्या प्लेटवर ती अक्षरं नव्हती. असं कार्ड रीतसर छापलं गेलं, कापलं गेलं, च्युइंगमच्या पाकिटातून मुलांच्या हातात गेलं. संग्राहक याला व्हेरिएशन, म्हणजे छपाईतला फरक, म्हणतात. १९५८ च्या टॉप्स संचात अशी पिवळ्या अक्षरांची ३३ कार्डं आहेत, हँक ॲरन आणि रोबेर्तो क्लेमेंते या खेळाडूंची कार्डं त्यांत आहेत. तिथे उलट पांढरी अक्षरं नेहमीची आणि पिवळी दुर्मिळ. त्यामुळे 'पांढरं म्हणजे दुर्मिळ' असं पाठ करून चालत नाही, वर्ष बघावंच लागतं.

प्रूफ ही वेगळीच गोष्ट. छापखान्यात काम केलेल्या माणसाला हे सांगायला नको: मशीन चालू करण्याआधी रंग बरोबर बसतात का, हे बघायला काढलेला तो कागद. आधी नुसता पिवळा, मग पिवळ्यावर गुलाबी, मग निळा, शेवटी काळा, अशी एकेक पायरी वेगळ्या कागदावर काढली जाते. तो कागद छापखान्यातल्या माणसांसाठी असतो, गिऱ्हाइकासाठी नाही. म्हणून पाठ बहुतेक कोरी, कड हाताने कापलेली, आणि कधी समासात रंग जुळवण्याच्या बारीक फुल्या. १९०९ ते १९११ मधल्या टी-२०६ या सिगारेटच्या पाकिटांतल्या कार्डांच्या प्रूफवर अशा फुल्या दिसतात. ती कार्डं शिळाछापाची होती. आपल्या मळवलीच्या रविवर्मा प्रेसमध्ये जसा एकेका रंगाला वेगळा दगड लागे, तशीच.

प्रूफमध्ये कधी रंगच नव्हे, आख्खं कार्ड बदलतं. रेजी जॅक्सन या खेळाडूचं १९७७ चं टॉप्स कार्ड न्यूयॉर्क यँकीज संघाचं आहे. पण तो बाल्टिमोर ओरिओल्स या संघाच्या गणवेशात असलेलं प्रूफ सापडलेलं आहे. १९७६ चा हंगाम त्या संघाकडून खेळून तो यँकीजकडे गेला, आणि ते कार्ड बाजारात आलंच नाही. मला प्रूफ जपावंसं वाटतं ते यासाठी: रद्द झालेला निर्णय तिथे डोळ्यांनी बघता येतो. टॉप्सने १९८९ मध्ये न्यूयॉर्कला आपल्या संग्रहाचा मोठा लिलाव केला, तेव्हा असा बराच ऐवज लोकांच्या हाती आला.

खरा घोळ होतो तो १९८२ च्या काळ्या शाईविना छापलेल्या टॉप्स कार्डांवर. चित्र फिकं, आणि पुढच्या बाजूची खेळाडूची छापील सही गायब. तीन रंगांपर्यंत थांबलेलं प्रूफ हुबेहूब असंच दिसेल. पण कार्ड उलटा. पाठीवर नेहमीची छपाई पूर्ण आहे, कड कारखान्यात कापलेली सरळ आहे. ही चूक आहे, तीही मोठी: १३२ कार्डं एकत्र छापलेल्या मोठ्या कागदाला शीट म्हणतात, अशा तीन शीटांवर, म्हणजे ३९६ कार्डांवर. १९९० च्या टॉप्स संचातल्या फ्रँक थॉमसच्या कार्डावर, क्रमांक ४१४, नाव छापलेलं नाही, तेही असंच. शीटवर त्याच्या आसपास असलेल्या कार्डांवरही काळी शाई तुटक उतरलेली आहे.

म्हणून एकाच खुणेवर विसंबू नका. कोरी पाठ चुकूनही राहते, आणि न कापलेलं शीट कुणी घरी कात्रीने कापलं तर कड प्रूफसारखीच दिसते. रंग, पाठ, कड आणि कागद एकमेकांशी जुळले तरच प्रूफची किंमत द्या.

उन्हाचीही काळजी घ्या. पिवळा आणि गुलाबी उन्हात आधी उडतात, निळा-काळा टिकतो, आणि खिडकीत राहिलेलं कार्ड रंग सुटल्यासारखं दिसतं. चौकटीच्या कडेखाली झाकली गेलेली पट्टी बघा. तिथे जुना पिवळा शिल्लक असेल, तर तो रंग एकेकाळी सगळ्या कार्डावर होता.