यजमानपद निवडीतील भ्रष्टाचार

विश्वचषक, ऑलिंपिक यांसारख्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा कोठे भरवायच्या हे ठरवण्याचा अधिकार असलेल्या पदाधिकाऱ्यांनी पैसा, भेटवस्तू, नातलगांची सोय किंवा कंत्राटे यांच्या मोबदल्यात आपले मत देणे, म्हणजे यजमानपद निवडीतील भ्रष्टाचार होय. स्टेडियमची फुगवलेली बिले, निविदांमधील घोळ इत्यादी तयारीच्या काळातील गैरव्यवहार हा निराळा विषय असून वृत्तपत्रांतून या दोहोंची गल्लत नेहमी होते. दिल्लीच्या २०१० मधील राष्ट्रकुल स्पर्धांसंबंधीचे गाजलेले खटले या दुसऱ्या प्रकारातले आहेत.

या भ्रष्टाचाराचे मूळ मतदारांच्या अल्प संख्येत आहे. स्पर्धेचा खर्च यजमान देशाचे करदाते सोसतात, प्रक्षेपणहक्कांचे उत्पन्न मुख्यतः महासंघाकडे जाते आणि निर्णय मात्र मूठभर माणसे गुप्त मतदानाने घेत असत. फुटबॉल विश्वचषकाचे यजमानपद दीर्घकाळ फिफा या जागतिक फुटबॉल महासंघाच्या २४ जणांच्या कार्यकारी समितीच्या हाती होते. एका मताचे वजन किती, हे ६ जुलै २००० रोजी दिसले. ओशनिया विभागाचे चार्ल्स डेम्पसी शेवटच्या फेरीत मतदानापासून दूर राहिले आणि २००६ चा विश्वचषक १२ विरुद्ध ११ मतांनी दक्षिण आफ्रिकेऐवजी जर्मनीला गेला. त्यांनी पैसे घेतल्याचे सिद्ध झालेले नाही. परंतु जिथे एका माणसाच्या गैरहजेरीने विश्वचषक खंड बदलतो, तिथे मतांना भाव येणार हे उघड आहे.

लाच क्वचितच लाचेच्या रूपात येते. २००२ च्या हिवाळी ऑलिंपिकचे यजमानपद मिळवणाऱ्या सॉल्ट लेक सिटीचे प्रकरण नोव्हेंबर १९९८ मध्ये एका पत्रामुळे फुटले. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या कॅमेरूनमधील सदस्याच्या मुलीचे वॉशिंग्टनमधील विद्यापीठाचे शुल्क शहराची प्रचारसमिती भरत असल्याचे त्यात दिसत होते. चौकशीनंतर सहा सदस्यांची हकालपट्टी झाली व चौघांनी राजीनामे दिले. उलट, प्रचारसमितीच्या दोन प्रमुखांवरचा अमेरिकेतील खटला २००३ मध्ये न्यायालयात टिकला नाही, कारण सौजन्य कोठे संपते आणि मोबदला कोठे सुरू होतो हे पुराव्याने दाखवणे अवघड असते.

२ डिसेंबर २०१० रोजी झुरिक येथे फुटबॉल विश्वचषकाची २०१८ (रशिया) व २०२२ (कतार) ही दोन्ही यजमानपदे एकाच बैठकीत दिली गेली. एका ब्रिटिश वृत्तपत्राच्या छुप्या चित्रीकरणानंतर दोन सदस्य निलंबित झाले होते. उरलेल्या २२ जणांच्या मतदानात कतारने अंतिम फेरीत अमेरिकेला १४-८ असे हरवले. मे २०१५ मध्ये झुरिकच्या हॉटेलात फिफाच्या पदाधिकाऱ्यांना अटक झाली आणि २०२० मध्ये अमेरिकी सरकारी वकिलांनी या दोन्ही निवडींत मतांसाठी लाच दिली गेल्याचा आरोप केला. दोन्ही देशांनी तो नाकारला.

गोव्याचा या विषयाशी संबंध दोन बाजूंनी येतो. डिसेंबर २०१३ मध्ये फिफाच्या कार्यकारी समितीनेच २०१७ चा सतरा वर्षांखालील विश्वचषक भारताला दिला आणि फातोर्डा येथील स्टेडियम त्याच्या सहा मैदानांपैकी एक ठरले. इराणने जर्मनीला ४-० असे नमवले तो सामना याच मैदानावरचा. त्या निवडीचा वरील आरोपपत्रांशी संबंध नाही, मात्र निवडणारी संस्था तीच होती. दुसरीकडे, पोर्तुगीज वारशाच्या देशांच्या लुसोफोनिया स्पर्धा जानेवारी २०१४ मध्ये गोव्यात झाल्या आणि पुढची, मोझांबिकमध्ये ठरलेली, भरलीच नाही. ज्या यजमानपदासाठी रांग लागत नाही, त्याचे मत विकत घ्यायला कोण येणार?

प्रकरणे उघडकीस आल्यावर नियम बदलले. ऑलिंपिक समितीने सदस्यांच्या उमेदवार शहरांना होणाऱ्या भेटी बंद केल्या. स्वित्झर्लंडमध्ये, जिथे ऑलिंपिक समिती व फिफा या दोन्ही संस्थांची मुख्यालये आहेत, खाजगी क्षेत्रातील लाचखोरी जुलै २०१६ पासून फौजदारी कायद्यात आली. फिफाने मताधिकार सर्व सदस्य संघटनांना दिला. २०१८ मध्ये, २०२६ च्या विश्वचषकासाठी, अमेरिका, कॅनडा व मेक्सिको यांच्या संयुक्त प्रस्तावाने मोरोक्कोवर १३४-६५ असा विजय मिळवला व कोणी कोणाला मत दिले हे जाहीर झाले. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये २०३४ साठी सौदी अरेबिया हा एकच उमेदवार होता. त्याची निवड मतमोजणीविना, टाळ्यांच्या गजरात झाली.