ख्रिसमस बेटावरील मोठे समुद्रपक्षी : ओळख

ख्रिसमस बेट हे हिंदी महासागरात, जावाच्या दक्षिणेस सुमारे ३५० किमी.वर असलेले ऑस्ट्रेलियाच्या अखत्यारीतील बेट (क्षेत्रफळ सुमारे १३५ चौ. किमी.). फ्रिगेट पक्ष्यांच्या तीन जाती येथे एकाच आकाशात दिसतात आणि नवख्याची गाडी तिथेच अडते.

लांब टोकदार पंख आणि दुभंगलेली शेपटी एवढ्यावरून फ्रिगेट ओळखता येतो. उडताना त्याचे पाय बगळ्यासारखे मागे लोंबताना दिसत नाहीत. जात ठरवायची तर पक्षी डोक्यावरून जाताना पांढरा रंग नेमका कुठे आहे, ते पाहावे. मोठ्या फ्रिगेटचा नर खालून पूर्ण काळा असतो. ख्रिसमस फ्रिगेटच्या नराच्या पोटावर पांढरा ठिपका असतो, तर लहान फ्रिगेटच्या नराला काखेत दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे असतात. नराची लाल गळपिशवी कितीही लक्ष वेधत असली, तरी जात ठरवायला निरुपयोगी. ती तिन्ही जातींत असते. माद्यांपैकी राखट-पांढऱ्या गळ्याची ती मोठ्या फ्रिगेटची. उरलेल्या दोघींचा गळा काळा व काखेत पांढरे असते. पैकी पोटही पांढरे असेल तर ख्रिसमस फ्रिगेट, काळे असेल तर लहान. पिल्लावस्थेतील फिकट वा तांबूस डोक्याच्या पक्ष्याची नोंद नुसती ‘फ्रिगेट’ अशी करणेच प्रामाणिकपणाचे.

बूबी (सूर मारून मासे पकडणारे मोठे समुद्रपक्षी) त्यामानाने सोपे. तपकिरी बूबीची गडद छाती आणि पांढरे पोट यांच्यामधली सीमा रेघ मारल्यासारखी असते. गोंधळ होतो तो लालपायी बूबीचे पांढरे रूप आणि ॲबट बूबी यांच्यात. ॲबटचे पंख वरून काळे, लांब व अरुंद असून शेपटीही काळी असते. लालपायीची शेपटी या बेटावर बहुधा पांढरी असते. ॲबट बूबी आज फक्त याच बेटावर, वर्षावनातील उंच झाडांवर घरटी करतो. पांढऱ्या शेपटीच्या ट्रॉपिकबर्ड या समुद्रपक्ष्याचे येथील सोनेरी रूप मात्र दुर्बिणीशिवायही ओळखू येते.

पावसाळी वादळांत लहान फ्रिगेट आणि मुखवटाधारी बूबी क्वचित कोकण किनाऱ्यावरही येऊन पडतात. फ्रिगेट समुद्रपक्षी असला तरी त्याची पिसे पाण्यात भिजतात व त्याला पाण्यावरून सहज उडता येत नाही. त्यामुळे थकलेल्या फ्रिगेटला समुद्रात सोडणे म्हणजे त्याला बुडवणेच होय.