चार लाख किलोमीटर आणि एक हरवलेला थर्मोस्टॅट

माझ्या मामेभावाची डिझेल पिकअप २०११ सालची. ओतूरचा कांदा माळशेज घाटाने कल्याणला न्यायचा आणि येताना खत नाहीतर पेंड भरून आणायची, हा तिचा वर्षानुवर्षांचा रिवाज. गेल्या पौषात मीटरवर ४ लाख १२ हजारांचा आकडा होता आणि सकाळी गाडी काही केल्या सुरू होईना. झालीच तर अंगणभर पांढुरका धूर, घाट चढताना दम नाही आणि दर आठवड्याला अर्धा लिटर ऑइल गायब. पहिल्या गॅरेजात बॉनेटही नीट न उघडता निकाल मिळाला, "फुल इंजिन काम करावं लागेल, नाहीतर विकून टाका."

दादा विकायला तयार नव्हता आणि मलाही ते पटत नव्हतं. जुन्या गाडीचं वय मीटरवरून ठरवायचं, ही सवयच मला चुकीची वाटते. मीटर मोजतो फक्त रस्ता. इंजिनातला लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ते नळकांडं, मोजतो गार इंजिन किती वेळा सुरू केलं ते. पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, मोजतात हादरे, ब्रेक ऑइल मोजतं पावसाळे आणि रबरी बुश मोजतो ऊन. एकाच गाडीत इतकी घड्याळं चालू असतात आणि प्रत्येकाचा वेग निराळा असतो.

दुसऱ्या मेस्त्रींनी इंजिनाला हात लावण्याआधी बॅटरीची अर्थिंगची केबल सोडली. टोकाला हिरवट-पांढरा थर चढला होता. डिझेल इंजिन फिरवताना स्टार्टर दोन-तीनशे अँपिअर प्रवाह ओढतो. एवढ्या प्रवाहाला वाटेत ओहमच्या शंभराव्या भागाइतका जरी अडथळा आला, तरी १२ व्होल्टमधले दोन-तीन व्होल्ट तिथेच जिरतात. मग इंजिन फिरतं, पण कण्हत फिरतं.

आता कण्हत फिरलं म्हणून सुरू का होऊ नये? डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, ती तापते, आणि त्या तापलेल्या हवेत नोझलने डिझेल फवारलं की ते आपोआप पेटतं. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं बूड गरम होतं, तोच हा प्रकार, फक्त फार जोरकस. हवा अठरापट दाबली की ३० अंशांवरून ती पाचशे अंश सेल्सिअसच्याही वर जाऊ शकते. रुडॉल्फ डिझेल यांचं १८९७ सालचं यशस्वी इंजिन याच तत्त्वावर चाललं आणि दादाच्या पिकअपचंही याच तत्त्वावर चालतं. पण दाबण्याचं काम झटपट व्हावं लागतं. पिस्टन सावकाश वर आला, तर हवेला रिंगांच्या (पिस्टनभोवतीच्या धातूच्या कड्यांच्या) फटीतून निसटायला वेळ मिळतो आणि तिची उष्णता थंडगार बिडात शिरते. डिझेल फवारलं जातं, पण पेटत नाही. धुराड्यातून येणारा तो पांढुरका धूर म्हणजे हेच न जळलेलं डिझेल.

केबल बदलली, एक मेलेला हीटर प्लग (गार इंजिन सुरू होताना आत ऊब देणारा) बदलला आणि गाडी निम्म्या कटकटीत सुरू होऊ लागली. खर्च हजाराच्या आत. मात्र ऑइल खाणं थांबलं नव्हतं. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, मोजलं तेव्हा तीन सिलिंडर जवळजवळ सारखे आणि चौथा बराच खाली. त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजल्यावर आकडा वर चढला. व्हॉल्व्ह गळत असता तर चढला नसता. ऑइलने रिंगांभोवतीची फट बुजवली, म्हणून चढला. दोष रिंगा आणि लायनरचा, हे हेड (सिलिंडरवरचं झाकण) न उघडता कळलं. ही तपासणी प्रत्येक जुन्या गाडीच्या मालकाने मागून घ्यावी, असं मला अगदी मनापासून वाटतं.

हेड उतरवल्यावर लायनरच्या वरच्या टोकाशी नखाला लागेल अशी कडा होती. बोअर गेजने झीज भरली सहा थाऊ. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, तेव्हा झीज साधारण ०.१५ मिलिमीटर. ती नेमकी वरच का? पिस्टन मधल्या भागात वेगात असतो तेव्हा रिंग आणि लायनर यांच्यामध्ये ऑइलचा पातळ थर तयार होतो आणि धातू धातूला शिवतच नाही. वरच्या टोकाला पिस्टन क्षणभर थांबून दिशा बदलतो. वेग शून्य झाला की थर फाटतो, आणि नेमक्या त्याच वेळी स्फोटाचा दाब व उष्णता सर्वाधिक असते. वेग, दाब आणि ऑइलचा दाटपणा यांवर घर्षण कसं बदलतं, याचा आलेख जर्मन अभियंता रिचर्ड स्ट्रिबेक यांनी १९०२ च्या सुमारास मांडला. दादाच्या लायनरवरची कडा त्या आलेखाचाच एक तुकडा होती.

इथे थोडा हिशोब करू. ताशी सरासरी ४० किलोमीटर धरले तर ४ लाख किलोमीटर म्हणजे १० हजार तास. मिनिटाला १,८०० फेरे धरले तर क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) फिरला १०८ कोटी वेळा. ०.१५ मिलिमीटरला १०८ कोटींनी भागलं, तर एका फेऱ्याच्या वाट्याला आलेली झीज लोखंडाच्या अणूच्या व्यासाचा हजारावा भागसुद्धा भरत नाही. अणूचा तुकडा तर झिजत नसतो. याचा अर्थ बहुसंख्य फेऱ्यांत काहीच झिजलं नाही आणि जी झीज झाली ती मोजक्या वाईट क्षणांत झाली. ते क्षण कोणते, याचं उत्तर थर्मोस्टॅटच्या घरात सापडलं. घर रिकामं होतं.

दादाला आठवलं. सहा-सात वर्षांपूर्वी उन्हाळ्यात गाडी गरम होत होती, तेव्हा एका गॅरेजात तो काढून टाकला होता. "आपल्याकडच्या हवेत लागत नाही," असं सांगून. हे वाक्य महाराष्ट्रभर ऐकू येतं आणि त्याने किती इंजिनं अकाली म्हातारी केली असतील, या विचाराने मला खरोखर वाईट वाटतं. थर्मोस्टॅट म्हणजे मेणाची एक डबी. मेण साधारण ८० ते ८५ अंशांना वितळून फुगतं, दांडा ढकलतं आणि रेडिएटरकडची वाट उघडते. तोवर पाणी इंजिनातच फिरतं आणि लवकर तापतं. डबी काढली की वाट कायम उघडी राहते आणि इंजिन, विशेषतः रिकाम्या फेरीला किंवा उतारावर, तापायचंच राहून जातं.

गार इंजिन सुखी दिसतं, पण आतून कुजतं. एक लिटर डिझेल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. एरवी ते वाफ होऊन धुराड्यातून जातं, पण लायनर गार असेल तर त्यावर दवासारखं साचतं. त्यात गंधकाची आम्लं मिसळतात. २०११ साली देशाच्या बहुतेक भागात मिळणाऱ्या डिझेलमध्ये दहा लाखांत ३५० भागांपर्यंत गंधक चालत असे. १ एप्रिल २०२० पासून ती मर्यादा १० वर आली. जुन्या गाडीचं इंजिन न बदलताही तिला मिळालेली ही सुधारणाच म्हणायची. शिवाय गार भिंतीवर न जळलेलं डिझेल पडतं, ऑइलचा थर धुऊन काढतं आणि खाली ऑइलच्या चेंबरात उतरून ऑइल पातळ करतं.

मग मुळात गाडी तापत का होती? रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी! विहिरी-बोअरच्या जड पाण्यातले क्षार गरम धातूवर चिकटतात, घरातल्या गिझरच्या कॉइलवर बसतात तसेच. हा थर बिडाच्या तुलनेत उष्णता वीस-पंचवीस पटींनी कमी वाहतो. म्हणजे मिलिमीटरभर क्षार ही जणू इंचभर जाडीची बिडाची जादा भिंत. बोअरच्या पाण्याने क्षार, क्षारांनी ताप, तापाने थर्मोस्टॅट गेला, तो गेल्याने लायनर गेला. या साखळीत किलोमीटर कुठेच येत नाहीत.

नवे लायनर बसवले, रिंगा-बेअरिंग टाकली. नव्या लायनरच्या आत तिरक्या रेघांची जाळी असते. दादाला ती ओरखड्यांसारखी वाटली, पण ती मुद्दाम काढलेली असते, ऑइल धरून ठेवण्यासाठी. आरशासारख्या गुळगुळीत भिंतीवर ऑइल टिकत नाही. आणि काम झाल्यावर गाडी तासन्तास रिकामी धडधडत ठेवू नये. रिंग भिंतीला घट्ट लावण्याचं काम वायूचा दाब करतो आणि तो दाब मध्यम भार असतानाच मिळतो. रेडिएटर साफ करून शुद्ध पाणी आणि कूलंट भरलं, थर्मोस्टॅट नवा बसवला. त्याची किंमत या सगळ्या बिलात सर्वांत कमी होती.

त्यानंतर अपग्रेडचा विषय निघाला. दादाला मागे एक जादा पाटा हवा होता. मी कडाडून विरोध केला आणि आजही करीन. एक पाटा दोन वर्षांपूर्वी तुटला होता, त्याचा तुकडा शेडमध्ये पडून होता. तुटलेल्या तोंडावर एका कडेपासून शिंपल्यासारख्या गोल रेषा आणि उरलेल्या भागात खडबडीत, चकाकणारा धातू. तो एका दणक्यात तुटला नव्हता. बारीक भेग महिनोन्‌महिने हळूहळू सरकत होती आणि उरलेला धातू पुरेना तेव्हा तो मोडला. रेल्वेचे आस सहन होईल अशा भारालाही का मोडतात, याचा शोध ऑगस्ट वोलर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मनीत घेतला आणि दाखवलं की ताण थोडासा वाढला तरी धातू सोसू शकेल अशा आवर्तनांची संख्या कितीतरी पटींनी घटते. जादा पाट्याने गाडी बसत नाही, म्हणून माल जादा भरला जातो. पण चाकाचं बेअरिंग, चॅसिस आणि ब्रेक आहेत तेवढेच राहतात. त्यांना कोणी जादा पाटा लावत नाही. तुटलेला पाटा वेल्डिंग करून वापरणं तर त्याहून घातक, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने स्प्रिंगच्या पोलादाला दिलेलं पाणीच उतरतं. पाटे आहेत तेवढेच ठेवून बुश, सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट नवे टाकले.

वाचलेले पैसे ब्रेकवर घातले. भरलेली तीन टनांची गाडी १०० मीटर उंची उतरते तेव्हा १० लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीला आणण्याइतकी ऊर्जा कुठेतरी जिरावी लागते. माळशेजच्या उतारात अशी अनेक शंभरं आहेत. न्यूट्रल टाकून ब्रेकवर उतरलं तर ती बहुतांश ड्रम-डिस्कमध्ये जाते आणि तिथून ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. हे ऑइल हवेतलं बाष्प शोषतं. नव्या डॉट ३ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असतो, तर ३.७ टक्के पाणी मुरल्यावर त्याच्यासाठीची किमान मर्यादा १४० अंश उरते. आत वाफेचा बुडबुडा झाला की पेडल थेट तळाला जातं, कारण द्रव दबत नाही, वाफ दबते. दादाच्या गाडीतलं ऑइल चहासारखं काळपट झालं होतं, शेवटचं कधी बदललं ते कोणाला आठवेना. घाट ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, ही जुन्या ड्रायव्हरांची शिकवण इंजिनालाच ब्रेक बनवते.

दिव्यांचं काम मात्र मला सगळ्यांत आवडलं. दादा एलईडी घ्यायला निघाला होता. आम्ही आधी बल्बच्या पिनांवर व्होल्टेज मोजलं. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८, बल्बवर ११.६. जुनी वायर, जळकट स्विच आणि गंजलेली अर्थ यांनी दोन व्होल्ट गिळले होते. हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजच्या साडेतीनाव्या घाताच्या आसपास बदलतो, त्यामुळे सहावा हिस्सा व्होल्ट गेले की प्रकाश जवळपास निम्मा होतो. दोन रिले (दिव्यांना थेट बॅटरीवरून वीज देणारे स्विच), जाड वायर आणि नवी अर्थ, एवढ्यावर काम भागलं. हॅलोजनच्या परावर्तकात एलईडी खुपसला की प्रकाशाचा उगम मूळ तारेच्या जागी बसत नाही, किरण विखुरतात आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. घाटातल्या धुक्यात तर आपलेही.

दुसऱ्या गिअरचा सिंक्रो (गिअर विनाखरखर पडावा म्हणून असलेली कडी) अजून खरखरतो. ते काम कांद्याचा हंगाम संपल्यावर. पुढच्या ब्रेकच्या रबरी नळ्यांवर वाकवल्यावर केसासारख्या भेगा दिसतात, त्या मात्र आधी बदलायच्या आहेत. परवा पहाटे दादाने फोन केला तेव्हा तो मोरोशीत चहाला थांबला होता. तापमानाचा काटा मध्यावर उभा आहे, सहा-सात वर्षांत पहिल्यांदाच, असं त्याने दोनदा सांगितलं.