मेलॅटोनिन, दैनिक लय आणि कर्करोग

मेलॅटोनिन हे मेंदूतील पिनिअल ग्रंथीतून मुख्यतः रात्री स्रवणारे हॉर्मोन. शरीराच्या सुमारे चोवीस तासांच्या लयीशी ते निगडित आहे. रातपाळी किंवा रात्रीचा कृत्रिम उजेड यांमुळे ही लय बिघडल्यास कर्करोगाचा, विशेषतः स्तनाच्या कर्करोगाचा, धोका वाढतो काय, हा वाद १९७० नंतरच्या दशकांत सुरू झाला व अद्याप मिटलेला नाही.

मेलॅटोनिनचा शोध झोपेच्या अभ्यासातून लागला नाही. गुरांच्या पिनिअल ग्रंथीचा अर्क बेडकाच्या पिलांना दिला असता त्यांची त्वचा फिकट होते, हे १९१७ मध्ये मॅकॉर्ड व ॲलन यांनी नोंदविले होते. कोडावर उपयोगी पडेल असे द्रव्य या अर्कात मिळेल, या अपेक्षेने येल विद्यापीठातील त्वचारोगतज्ज्ञ ॲरन लर्नर यांनी गुरांच्या लाखाहून अधिक ग्रंथी तपासल्या आणि १९५८ मध्ये ते द्रव्य वेगळे केले. कोडावर त्याचा उपयोग झाला नाही.

ट्रिप्टोफॅन या ॲमिनो आम्लापासून सिरोटोनिन हे चेतासंदेशवाहक द्रव्य व त्यापासून मेलॅटोनिन, असा त्याच्या निर्मितीचा क्रम आहे. रक्तातील पातळी दिवसा नगण्य असते, अंधार पडल्यावर वाढू लागते व साधारणपणे पहाटे दोन ते चारच्या सुमारास सर्वाधिक होते. ही वेळ मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधील सुप्राकायझमॅटिक केंद्रक हा चेतापेशींचा पुंज, म्हणजे शरीराचे मुख्य घड्याळ, ठरविते. त्याला उजेडाची वर्दी दृष्टिपटलातील, मेलॅनॉप्सिन हे प्रकाशसंवेदी रंगद्रव्य असलेल्या पेशींकडून मिळते. या पेशी निळ्या उजेडाला, सुमारे ४८० नॅनोमीटर तरंगलांबीला, सर्वाधिक प्रतिसाद देतात. प्रखर उजेडाने माणसातही मेलॅटोनिनचा स्राव दबतो, हे ल्यूई व सहकाऱ्यांनी १९८० मध्ये दाखविले. तोवर माणूस याला अपवाद असावा, असे मानण्याकडे कल होता.

कर्करोगाशी संबंध जोडण्याचे श्रेय कोणाचे, याविषयी एकमत नाही. कोहेन, लिपमन व चॅबनर यांनी १९७८ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये असे सुचविले, की पिनिअलचे कार्य मंदावल्यास मेलॅटोनिन घटते, त्यामुळे स्तनाच्या ऊतींवर ईस्ट्रोजेन या स्त्री-हॉर्मोनचा प्रभाव वाढतो व कर्करोगाला वाव मिळतो. त्यांच्या युक्तिवादाचा एक आधार पिनिअलमध्ये साचणाऱ्या कॅल्शियमचा होता : ज्या देशांत असे कॅल्सीभवन अधिक आढळते तेथे स्तनाचा कर्करोगही अधिक, असे त्यांनी मांडले. अशा देशवार तुलनेतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. रिचर्ड स्टीव्हन्स यांनी १९८७ मध्ये बोट ठेवले ते विजेच्या वापरावर. औद्योगिक देशांत हा रोग का वाढला, याचे उत्तर त्यांनी दोन गोष्टींत शोधले : रात्रीचे दिवे आणि विद्युत्-चुंबकीय क्षेत्रे. पैकी दुसरा भाग पुढील पाहण्यांत टिकला नाही. पहिलाच आज ‘मेलॅटोनिन गृहीतक’ म्हणून ओळखला जातो. त्यामुळे मूळ कल्पना १९७८ ची, पण तपासता येईल असे तिचे रूप १९८७ चे, असे म्हणणे अधिक योग्य वाटते.

गृहीतकाच्या बाजूचा सर्वांत बोलका प्रयोग डेव्हिड ब्लास्क व सहकाऱ्यांचा (२००५). ऋतुनिवृत्ती न झालेल्या स्त्रियांचे रक्त तीन वेळा घेण्यात आले : दिवसा, रात्री अंधारात, आणि रात्रीच प्रखर पांढऱ्या उजेडात दीड तास ठेवल्यानंतर. हे रक्त उंदरांत वाढविलेल्या मानवी स्तनकर्काच्या गाठींमधून खेळविले. अंधारातल्या रक्ताने गाठीचे लिनोलेइक आम्ल (एक मेदाम्ल) शोषणे व पेशींची वाढ दोन्ही मंदावली. उजेडानंतरच्या रक्ताने तसे घडले नाही.

माणसांवरील पाहण्यांचे निष्कर्ष इतके सरळ नाहीत. अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घकालीन पाहणीत (२००१) तीस वा अधिक वर्षे आलटून-पालटून रातपाळी केलेल्यांत स्तनाच्या कर्करोगाचा धोका सुमारे ३६ टक्के अधिक आढळला. उलट, २०१६ मध्ये ब्रिटनमधील तीन पाहण्या व आधीच्या सात मिळून सुमारे चौदा लाख स्त्रियांच्या माहितीत वाढ दिसलीच नाही. मात्र यांतील सर्वांत मोठ्या पाहणीतील बहुतेक स्त्रिया रातपाळीविषयीच्या विचारणेच्या वेळी साठी ओलांडलेल्या, म्हणजे रातपाळी बहुधा मागे पडलेल्या, होत्या, असा आक्षेप आहे व तो दुर्लक्षणीय नाही. शिवाय ‘रातपाळी’ म्हणजे महिन्यातून किती रात्री, याची व्याख्या पाहणीगणिक बदलते.

लियाँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये लय बिघडविणाऱ्या पाळीच्या कामाला ‘बहुधा कर्कजनक’ (गट २अ) ठरविले व २०१९ मधील फेरतपासणीत रातपाळीसाठी तोच गट कायम ठेवला. हा गट पुराव्याचे बळ सांगतो, धोक्याचे प्रमाण नव्हे. वृत्तपत्रांत हा फरक हमखास सुटतो. डेन्मार्कने मात्र तेवढ्या आधारावर, दीर्घकाळ रातपाळी करून स्तनाचा कर्करोग झालेल्या काही स्त्रियांना भरपाई दिली.

मेलॅटोनिन वगळूनही लयीचा संबंध दाखविता येतो. पेशींमधील ‘घड्याळ’-जनुकांचा पेशीविभाजनाशी मेळ असतो. पीईआर२ हे त्यांपैकी एक जनुक बिघडलेल्या उंदरांत किरणोत्सर्गानंतर गाठी अधिक होतात (२००२). सुप्राकायझमॅटिक केंद्रक नष्ट केलेल्या उंदरांतही रोपित गाठी वेगाने वाढतात. त्यामुळे मेलॅटोनिनची घट हे एकमेव कारण मानण्यापेक्षा ते लय बिघडल्याचे एक लक्षण व एक दुवा मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

उपचार म्हणून मेलॅटोनिनचा पुरावा दुबळा आहे. इटलीत पाओलो लिस्सोनी यांच्या गटाने रोज २० मिग्रॅ. मात्रेने आयुर्मान वाढल्याचे वारंवार नोंदविले, परंतु त्या चाचण्या बहुतांशी एकाच वर्तुळातील व रुग्णाला औषध माहीत असलेल्या होत्या. कॅनडातील चाचणीत (२०२१) फुप्फुसाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या ७०९ रुग्णांपैकी निम्म्यांना वर्षभर तीच मात्रा व इतरांना निष्क्रिय गोळी दिली. दोन वर्षांनी रोगमुक्त राहण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. अमेरिकेत हे द्रव्य पूरक आहार म्हणून दुकानांत मिळते, ब्रिटनमध्ये त्याला डॉक्टरांची चिठ्ठी लागते.

कर्करोगावरील रासायनिक औषधांची वेळ शरीराच्या लयीनुसार ठरविण्याचा प्रयत्न फ्रान्समध्ये फ्रांसिस लेव्ही यांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगात केला. सुरुवातीचे निकाल आशादायक होते. २००६ च्या मोठ्या युरोपीय चाचणीत एकूण आयुर्मान वाढले नाही. वेळ साधून औषध दिलेले पुरुष अधिक जगले, स्त्रिया कमी.