सावळ्या गालांतली आग

मे महिन्यातल्या दुपारी पुण्यात नळ स्टॉपच्या सिग्नलला उभं राहिलं की स्कार्फ गुंडाळलेल्या चेहऱ्यांची रांग दिसते. माझी मावशीही वर्षानुवर्षं असाच स्कार्फ बांधून ऑफिसला जायची. पोचून तो सोडला की गालांची आणि नाकाची नुसती आग आग व्हायची. पुढेपुढे पुळ्याही उठायला लागल्या. कुणी म्हणालं उष्णता, कुणी म्हणालं पित्त. पंचेचाळिशीत मुरमं कशी, या विचाराने ती लोकांत जायलाच टाळायची. त्वचेच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं तोवर सहा वर्षं गेली होती: रोझेशिया.

चेहऱ्याच्या मधल्या भागात, म्हणजे गाल, नाक, हनुवटी आणि कपाळावर चिवटपणे मुक्काम ठोकणारा हा दाह बहुधा तिशीनंतर सुरू होतो. पुळ्या मुरमांसारख्याच दिसतात, मात्र त्यांच्याबरोबर ब्लॅकहेड्स नसतात. गोऱ्या चेहऱ्यावर याची लाली लगेच डोळ्यांत भरते. आपल्या गव्हाळ, सावळ्या त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य तीच लाली झाकून टाकतं. मग तो भाग काळपट दिसतो आणि वांग समजून सोडून दिला जातो. म्हणून आपल्याकडे लाली शोधत बसण्याऐवजी चुरचुरतं का, चटका बसल्यासारखं होतं का, साधं क्रीमही झोंबतं का, हे आधी विचारायला हवं, असं मला अगदी ठामपणे वाटतं.

ही आग येते कुठून? आपल्या त्वचेत कॅथेलिसिडिन नावाचं जंतूंशी लढणारं प्रथिन असतं. २००७ मध्ये अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ रिचर्ड गॅलो यांच्या गटाने दाखवलं की रोझेशियात ते जास्त बनतं, त्याचे तुकडे करणारं विकरही (एन्झाइम) जास्त असतं, आणि हे वेगळेच तुकडे दाह पेटवतात. केसांच्या मुळाशी राहणारे डेमोडेक्स नावाचे सूक्ष्म जीवही या रुग्णांत संख्येने जास्त सापडतात. ते बहुतेक सगळ्याच मोठ्या माणसांच्या चेहऱ्यावर असतात. याचा अस्वच्छतेशी काहीही संबंध नाही.

दुसरा धागा मज्जातंतूंचा. त्यांच्या टोकांशी टीआरपीव्ही१ नावाचं एक दार असतं. ते साधारण ४३ अंश सेल्सियसच्या वर उघडतं, आणि मिरचीतल्या कॅप्सेसिननेही उघडतं. ते शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं. मिसळीच्या कटाने तोंड भाजल्यासारखं होतं ते याच दारामुळे. रोझेशियात ही दारं फार हळवी झालेली असतात, त्यामुळे ऊन, तिखट, दारू, मनावरचा ताण, पर्वतीची चढण, कशानेही चेहरा भडकतो. प्रत्येकाचं कारण वेगळं असतं. महिनाभर वहीत टिपून ठेवलं की ते सापडतं. चहा-कॉफीसारख्या गरम पेयांचं तर १९८१ मध्येच तपासलं गेलंय. अमेरिकी डॉक्टर जोनाथन विल्किन यांनी रुग्णांना गरम कॉफी, गार कॉफी, नुसतं कॅफिन आणि नुसतं गरम पाणी देऊन पाहिलं. दोष कॅफिनचा नव्हता, गरमपणाचा होता. मावशीने चहा सोडला नाही. ती बशीत ओतून, निववून पिते.

स्कार्फही सोडायचा नाही, कारण ऊन हे सगळ्यांत मोठं निमित्त. तो सुती आणि सैल हवा, आणि खाली झिंक ऑक्साइडचं, किमान एसपीएफ ३० असलेलं सनस्क्रीन. डाळीचं पीठ-लिंबू, स्क्रब, ब्लीच, वाफ हे सगळं मात्र बंद.

मला खरी चीड येते ती स्टिरॉइडच्या ट्यूबची. शेजारणीने सांगितलेली, चिठ्ठीशिवाय आणलेली, ‘गोरं करणारी’ ट्यूब मावशीच्या कपाटातही होती. पहिले काही दिवस चेहरा उजळतो, आग शमते. मग त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्यांचं जाळं वर दिसू लागतं, आणि ट्यूब थांबवली की दुप्पट भडका उडतो, म्हणून माणूस पुन्हा तीच लावतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टिरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तुम्ही अशी ट्यूब वापरत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. ती कशी सोडायची हे तेच ठरवतील.

उपचार आहेत. मेट्रोनिडाझोल, अझेलिक ॲसिड किंवा आयव्हरमेक्टिनचं मलम. जास्त पुळ्या असतील तर कमी मात्रेत डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक. ही मात्रा जंतू मारण्यासाठी नसते, दाह शमवण्यासाठी असते. गरोदरपणात डॉक्सिसायक्लिन चालत नाही. फरक दिसायला कित्येक आठवडे लागतात. उठून दिसणाऱ्या रक्तवाहिन्यांवर लेझरचा उपयोग होतो. आजार मुळासकट जात नाही, पण आटोक्यात राहतो.

डोळ्यांकडे मात्र हमखास दुर्लक्ष होतं. मावशीला डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं, रांजणवाडी सारखी यायची, आणि त्यासाठी ती दुसऱ्याच डॉक्टरांकडे जायची. हाही रोझेशियाच होता, हे दोन्हीकडे सांगितल्याशिवाय कुणाला कळणार? बुबुळापर्यंत दाह पोचला तर नजरेला धोका असतो. तपासणीला जाताना चेहरा भडकलेला असतानाचे फोटो मोबाइलमध्ये काढून न्या; दवाखान्यातल्या एसीत नंबर येईपर्यंत गाल निवलेले असतात.